स्वस्त मागा, निकृष्ट नको!

‘स्वतःला औषध परवडत नाही, आणि कुत्र्याला कसले?’ वस्तीतील माणसाला हा प्रश्न हमखास विचारला जातो. आमचे म्हणणे असे की, रात्रभर आमच्या दाराची राखण करणाऱ्या मुक्या जीवालाही चांगले औषध मिळाले पाहिजे, आणि ते आमच्या मजुरीत बसले पाहिजे.

महाग तेच चांगले, हा समज खोटा आहे. जंताच्या औषधातील घटक व त्याचे प्रमाण सारखे असेल, तर कंपनीच्या नावाचे जादा पैसे का मोजावेत? डॉक्टरांकडून घटकाचे नाव लिहून घ्या. मार्च २०२५ मध्ये केंद्राने ‘पशु औषधी’तून स्वस्त जेनेरिक औषधे देण्यास मंजुरी दिली. ती आपल्या तालुक्यात मिळतात काय, याचा जाब विचारा.

परंतु काटकसर कुठे करू नये, हेही कळले पाहिजे. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराच्या जिवावर बेतते. रेबीजची लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. एका दुकानदाराने ती उघड्या फळीवरून काढून आमच्या हातात दिली, तीही बिलाशिवाय. आम्ही परत केली. लस निकामी निघाली असती, तर त्याची किंमत अंगणातील पोरांनी मोजली असती. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस सहसा वाचत नाही.

म्हणून बॅच क्रमांक व मुदत पाहा, पक्के बिल घ्याच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दाद मागताना तोच कागद आपल्या बाजूने बोलतो.