‘तो विषय नको’

परदेशी माणसाशी काय बोलावे आणि काय बोलू नये, याचे एक कोष्टक आपल्याकडे आता पक्के झाले आहे. हवामान बोला, जेवण बोला, प्रवास बोला, योग आणि ताजमहाल बोला. राजकारण नको, धर्म नको, विनोद तर मुळीच नको. नोकरीसाठी परदेशी निघालेल्या मुलामुलींना कंपन्यांच्या प्रशिक्षण वर्गांत हे शिकवतात आणि मुले ते वहीत उतरवून घेतात. मी पुण्यात तीस वर्षे जर्मन शिकवते आहे. या मुलांतली बरीचशी माझ्या वर्गात येतात, म्हणून ती वही मी अनेकदा पाहिली आहे. त्या पानावरचा सल्ला चुकीचा आहे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते मी इथे सविस्तर मांडते.

काही वर्षांपूर्वी चाकणच्या एका कारखान्यात आलेला जर्मन अभियंता आमच्याकडे जेवायला होता. माझा भाचाही होता, नुकताच इंजिनिअर झालेला, जर्मनीला निघालेला. पुरणपोळीवर तूप पडेपर्यंत गप्पा छान चालल्या होत्या. मग निवडणुकीचा विषय निघाला आणि भाचा अगदी सरळ मनाने म्हणाला, ‘‘आपल्या देशाला एक हिटलरसारखा कडक माणूस पाहिजे.’’ पाहुण्याला बरे वाटेल अशी त्याची समजूत होती. पाहुण्याने हातातला घास ताटात ठेवला. माझे यजमान लगबगीने म्हणाले, ‘‘तो विषय नको,’’ आणि त्यांनी कटाची आमटी पुढे केली. पाहुण्याने आमटीची तारीफ केली. त्यानंतर तासभर आम्ही जे बोललो त्यातला एक शब्द आज मला आठवत नाही.

चूक कुठे झाली? विषय काढला तिथे, असे कोणीही म्हणेल. मी म्हणते, विषय मिटवला तिथे.

पुढच्या रविवारी मी दोघांना पुन्हा बोलावले आणि तोच विषय मुद्दाम काढला. पाहुण्याने आपल्या गावातल्या फुटपाथवरच्या पितळी दगडांबद्दल सांगितले. तळहाताएवढा दगड, ज्या घरातून ज्यू माणसाला धरून नेले त्या घरासमोर बसवलेला, त्यावर त्याचे नाव, जन्मसाल आणि कुठे मारले ते. गुंटर डेमनिश या कलावंताने १९९२ मध्ये हे काम सुरू केले. आज युरोपभर असे लाखाहून अधिक दगड आहेत. जर्मन भाषेत त्यांना ठेचेचे दगड म्हणतात. पाहुण्याचे आजोबा युद्धात होते. घरात त्याविषयी कोणी विचारले की आजी म्हणायची, तो विषय नको. हेच शब्द! युद्धानंतरची कितीतरी वर्षे जर्मनीतली घरेच्या घरे या तीन शब्दांवर चालली. १९६३ मध्ये फ्रांकफुर्टला आउशवित्झच्या पहारेकऱ्यांवर आणि अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला, दशकाच्या शेवटी विद्यार्थी रस्त्यावर आले, मुले बापांना विचारू लागली, ‘तुम्ही तेव्हा काय करत होता?’ तेव्हा कुठे ती कोंडी फुटली. ज्या समाजाने मौनाची किंमत एवढी मोजली आहे, त्या समाजातल्या माणसाशी आपण पुन्हा मौनच पाळायचे, आणि त्याला सभ्यता म्हणायचे?

त्या दिवशी पाहुण्यालाही काही कळले. भाच्याच्या बोलण्यात ज्यूंचा द्वेष नव्हता. त्याच्या डोक्यातला हिटलर म्हणजे इंग्रजांचा शत्रू, मे १९४२ मध्ये नेताजी ज्याला भेटले तो. युरोपातल्या संहाराबद्दल त्याने शाळेत परीक्षेपुरतेच वाचले होते, आणि ‘माइन काम्फ’चा मराठी अनुवाद त्याने पुस्तकांच्या स्टॉलवर मांडलेला पाहिला होता. भारत दुसऱ्या कोणाच्या हाती जाण्यापेक्षा इंग्रजांच्याच ताब्यात राहिलेला बरा, असे त्याच पुस्तकात हिटलरने लिहिले आहे, हे मी सांगितले तेव्हा भाचा गप्प झाला. त्याने ते वाचलेच नव्हते. आणि आमच्या कोकणात शनवार तेली म्हणून ओळखले जाणारे बेने इस्राएल ज्यू शतकानुशतके घाणा चालवत, शनिवारी तो बंद ठेवत निर्धास्त राहिले, त्यांच्यातले इस्राएलला गेलेले लोक तिथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवत आले, हे पाहुण्याला नवे होते. एका रविवारी एवढे. आधीच्या रविवारी आमटी.

आता कोष्टकवाल्यांचा मोठा आक्षेप घेऊ. ते म्हणतात, घरचे उणेदुणे परक्यापुढे काढू नये. त्याच दुपारी पाहुण्याने जातीबद्दल विचारले आणि भाच्याने ठरलेले उत्तर दिले, ‘‘आता जात वगैरे राहिली नाही.’’ पाहुण्याने सकाळीच रविवारच्या इंग्रजी वर्तमानपत्रातल्या लग्नाच्या जाहिराती पाहिल्या होत्या, जातवार लावलेल्या. त्याने तेवढेच म्हटले. या उत्तराने देशाची अब्रू राखली जाते असे ज्यांना वाटते त्यांनी लक्षात घ्यावे की समोरच्याला खोटे समजते. त्याच्या लेखी मग आपण अब्रूदारही राहत नाही आणि विश्वासूही राहत नाही.

शिवाय हा आक्षेप महाराष्ट्रात घ्यावा याचे मला नवल वाटते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या लोकांना, निग्रोंना दास्यातून मुक्त केल्याबद्दल. पुण्यातल्या माणसाने आपल्या घरातले दुखणे जगापुढे ठेवूनच स्वतःच्या लढ्याला नाव दिले. पंडिता रमाबाई आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या आणि तिथे राहून गावोगाव भाषणे देत फिरल्या. हिंदू विधवेचे हाल त्यांनी अमेरिकेत इंग्रजी पुस्तक लिहून सांगितले. इकडे लोक संतापले. पण त्याच बोलण्यातून बोस्टनला त्यांच्या कार्यासाठी संस्था उभी राहिली आणि तिच्या पैशातून मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले. त्यात तिथल्या बायकांच्या संघटनांचे कौतुक आहे आणि तिथल्या वर्णद्वेषावर टीकाही आहे. आपले सांगितले, त्यांचेही सांगितले. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे नेलेल्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ मध्ये मुंबईतल्या तरुण कवी-लेखकांनी आपल्या संघटनेला दलित पँथर हे नाव दिले ते कुठून आले हे सर्वांना माहीत आहे. परक्यांशी राजकारण बोलणे वगळले तर महाराष्ट्राच्या सुधारणेच्या इतिहासातली किती पाने कोरी राहतील?

‘‘पण आपल्याला त्यांच्यातले काय कळते?’’ हा प्रश्न मला मुले नेहमी विचारतात. नम्रतेतून विचारतात, म्हणून त्याला मी कधी हसत नाही. मी त्यांना इरावती कर्व्यांची गोष्ट सांगते. १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या आणि मानववंशशास्त्राच्या तिथल्या नामांकित संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेटचे काम केले. विषय होता मानवी कवटीच्या दोन बाजूंमधला फरक. युरोपीय कवट्यांत हा फरक अधिक सापडेल, आणि त्यावरून त्यांचा वंश श्रेष्ठ ठरेल, अशी गुरूंची अपेक्षा होती. पंचविशीच्या आतल्या मराठी मुलीने एकेक कवटी मोजली आणि लिहिले की वंशाशी या फरकाचा काही संबंध दिसत नाही. ती परकी होती, बाई होती, भाषा उसनी होती आणि पदवी त्याच गुरूंच्या हाती होती. हेच फिशर १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले आणि नाझींच्या वंशनीतीला त्यांनी आपल्या विद्वत्तेचा आधार दिला. ‘हा त्यांच्या देशातला वाद, आपल्याला काय कळते’ असे म्हणून इरावतीबाई आकडे वाकवू शकल्या असत्या. त्यांनी तसे केले नाही. कळते किती याचे उत्तर एवढेच की जेवढे आपण मोजले, वाचले, विचारले तेवढे कळते, तेवढे बोलावे.

आणि विषय टाळतो म्हटले तरी टळत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने श्टुटगार्टला नव्या घराच्या उंबऱ्यावर हळदीकुंकवाने स्वस्तिक काढले. शेजारची म्हातारी घाबरून दारात आली. नाझी चिन्हांवर तिथे कायद्याने बंदी आहे. ती मोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हवामान बोलून त्या म्हातारीची भीती गेली नसती. मुलीने तिला आत बसवले, चहा दिला, आपल्या घरचे जुने फोटो दाखवले, दिवाळीची रांगोळी दाखवली, आणि मग तिची गोष्ट ऐकली. स्वस्तिक नंतर तिने घरात देव्हाऱ्यापुढे काढले, दारात काढले नाही. कोणी सक्ती केली नव्हती. ऐकल्यावर तिला तसे करावेसे वाटले.

विनोदाविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण तिथे माणसे फार घाबरतात. ‘जर्मनांना विनोद कळत नाही’ हे वाक्य मी पहिल्याच तासाला वर्गातून हद्दपार करते. हिटलरच्या राज्यात लोक कानात विनोद सांगत आणि त्यासाठी मरत. बर्लिनची मारिआने एलिझे क्यूर्शनर ही शस्त्रास्त्रांच्या कारखान्यात काम करणारी बाई. हिटलर आणि ग्योरिंग रेडिओच्या मनोऱ्यावर उभे असतात, हिटलर म्हणतो, बर्लिनकरांना आनंद होईल असे काही करायचे आहे, ग्योरिंग म्हणतो, मग उडी मारा. हा विनोद तिने सांगितला. १९४४ मध्ये तिला देहदंड दिला गेला. आजही लेंटच्या उपवासाआधीच्या सोमवारी ड्युसेलडॉर्फ, कोलोन, माइंत्स या शहरांत सत्ताधाऱ्यांची वेडीवाकडी अवाढव्य सोंगे गाड्यांवर चढवून मिरवतात. आपल्या वगात राजा आणि प्रधानाची जी फजिती होते तिचे हे सख्खे भावंड आहे. वग पाहिलेल्या माणसाला ते समजावून द्यावे लागत नाही.

वर्गात कधीतरी एखादा मुलगा सरदारजीचा विनोद सांगतो. मग मी त्यांना जर्मनीतले ओस्टफ्रिझलंडचे विनोद ऐकवते. माणूस तोच, फक्त पगडी नाही. इंग्रज हेच आयरिश माणसाबद्दल सांगतात, फ्रेंच बेल्जियनांबद्दल. कडेला राहणाऱ्याला मूर्ख ठरवण्याची ही सवय सगळीकडची आहे, आणि हे एकदा चार देशांच्या माणसांनी एकत्र बसून पाहिले की तो विनोद पुन्हा सांगावासा वाटत नाही. मुलांना ही समज ‘विनोद करू नका’ या सूचनेतून कधीच आली नसती. उलट काही विनोद दोन्हीकडे घरचे निघतात. पुणेकराच्या आतिथ्यावरचे विनोद मी एकदा श्टुटगार्टच्या बाईंना जपून सांगितले. त्या म्हणाल्या, हे तर आमच्या श्वाबेन लोकांवरचे. मग त्यांनी त्यांच्याकडची जिना झाडायची पाळी समजावली: ज्या बिऱ्हाडाची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते, आणि झाडले नाही तर शेजारी टिपून ठेवतात. मी त्यांना सदाशिव पेठेतल्या पाट्या वाचून दाखवल्या. आमची मैत्री त्या दिवसापासूनची आहे.

२०१७ मध्ये बर्लिनच्या संसदेसमोर दोन चिनी पर्यटकांनी गंमत म्हणून नाझी सलाम करत एकमेकांचे फोटो काढले आणि पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. कोष्टकवाले हे उदाहरण माझ्यापुढे ठेवतात. पण त्या दोघांना कमी पडले ते संभाषण. तो हात वर गेला की तिथल्या माणसाला काय आठवते, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

एक गोष्ट मला मान्य आहे. थायलंडमध्ये राजघराण्याच्या अवमानाला एकेका गुन्ह्यामागे तीन ते पंधरा वर्षांची शिक्षा आहे. तिथल्या यजमानाला त्या विषयात ओढणे म्हणजे त्याला संकटात टाकणे. आखातात काम करणाऱ्या आपल्या माणसाची नोकरी आणि व्हिसा मालकाच्या हातात असतो. तो गप्प राहतो, ते बरोबरच करतो. पण तिथल्या गप्प राहण्याला भीती म्हणावे, शिष्टाचार म्हणू नये. पुण्यातल्या जेवणाच्या टेबलावर किंवा श्टुटगार्टच्या कँटीनमध्ये ती भीती नाही. तिथे गप्प बसण्याचे कारण आळस आहे. दुसऱ्याचा इतिहास वाचण्याचा आणि आपल्या प्रश्नांची खरी उत्तरे तयार ठेवण्याचा आळस.

प्रशिक्षण वर्ग घेणाऱ्यांना म्हणून माझी विनंती आहे. हस्तांदोलन कसे करावे आणि काटा-चमचा कसा धरावा याला दहा मिनिटे पुरतात. उरलेल्या वेळात ज्या देशात मुले जाणार त्या देशाची गेली शंभर वर्षे शिकवा. तिथला माणूस कशावर हसतो आणि कशावर त्याचा घास हातात राहतो, ते सांगा. जातीबद्दल, दंगलींबद्दल, आपल्या निवडणुकांबद्दल कोणी विचारले तर खरे उत्तर कसे द्यायचे, याचा सराव करून घ्या. जर्मनीला जाणाऱ्या मुलांसाठी असा वर्ग मी विनामूल्य घ्यायला तयार आहे.