खोलीतले गुलाब



मागच्या अंकात गुलाबाच्या छाटणीबद्दल लिहिले होते. ऑक्टोबरमध्ये छाटलेल्या झाडाला साधारण 40-45 दिवसांत फुले येतात. तेव्हा ज्यांनी वेळेवर कात्री चालवली, त्यांच्या कुंड्या आता भरल्या असतील. आमच्याही भरल्या, अल्हम्दुलिल्लाह. पण या वर्षी ती फुले पाहायला त्यांची मालकीण अंगणात नाही.

मालकीण म्हणजे माझ्या सासूबाई. झाडे सगळी त्यांच्या हातची. दिवाळीच्या सुट्टीत मोरीत पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, वॉकर घेऊन खोलीतल्या खोलीत चालतात, पण ओट्याच्या तीन पायऱ्या उतरायला डॉक्टरांनी अजून परवानगी दिलेली नाही. त्यांच्या खोलीची खिडकी उघडते गल्लीकडे. दिसते काय, तर समोरच्या घराची भिंत आणि मोटारसायकली.

मी म्हटले, अम्मी, रोज दोन-चार फुले आणून ठेवते. तर त्यांनी हातानेच नको म्हटले. फूल तोडणे त्यांना कधीच पटले नाही. "झाडावर आठवडाभर राहतं, घरात आणलं की दोन दिवसांत मरतं. हा इसराफ कशाला?" मी ऐकले नाही. स्वयंपाक आटोपून दुपारी बाराला गेले, स्वयंपाकघरातल्या कात्रीने पाच फुले कापली. तेवढ्यात फोन आला. फुले अर्धा तास ओट्यावर पडून राहिली. मग कपाटातली नक्षीची फुलदाणी काढली, फुले पानांसकट त्यात खोचली आणि अम्मींच्या उशाशी, भेटायला आलेल्यांनी आणलेल्या केळी-सफरचंदांच्या टोपलीशेजारी ठेवली. वर पंखा फिरत होता.

दुसऱ्या दिवशी फजरला पाहिले तर पाचही फुलांच्या माना खाली. अम्मी म्हणाल्या, "बघ बेटी, माझ्यासारखीच मान टाकली त्यांनी."

हसून म्हणाल्या, पण मला दिवसभर काही सुचेना. आजारी माणसाच्या उशाशी आपण काय ठेवतो याचा मी विचारच केला नव्हता. फुले टाकून दिली आणि एका ओळखीच्या फुलवाल्या चाचांना विचारायला गेले. त्यांनी माझी एकेक चूक मोजून दाखवली. त्या चुका तुमच्याही हातून होत असतील म्हणून लिहिते.

पहिली चूक वेळेची. दुपारी उन्हात झाडातले पाणी कमी झालेले असते, तेव्हा कापलेले फूल आधीच तहानलेले येते. फजरनंतर ऊन चढायच्या आत कापावे. आदल्या संध्याकाळी झाडाला पाणी घातलेले असले तर उत्तमच. कळी अगदी घट्ट असताना कापली तर ती तशीच सुकते, उमलत नाही. पूर्ण उमललेले फूल कापले तर पाकळ्या लगेच गळतात. कळीखालची हिरवी दले खाली वळली आणि बाहेरची एखादी पाकळी सुटू लागली की समजावे, वेळ झाली.

दुसरी चूक हवेची, आणि खरे दुखणे तिथेच आहे. देठात पाणी वर चढवणाऱ्या बारीक नळ्या असतात. देठ कापला की त्या नळ्यांत हवा शिरते, आणि अडकलेला बुडबुडा पाण्याची वाट बंद करतो. फूल पाण्यात उभे असते आणि तरी तहानेने मान टाकते. म्हणून अंगणात जातानाच अर्धी बादली पाणी बरोबर न्यावे, कापलेले फूल लगेच त्यात सोडावे. घरात आल्यावर देठाचे टोक पाण्यात बुडवून, पाण्याच्या आतच बोटाच्या एका पेराइतके पुन्हा तिरके कापावे. हत्यार धारदार हवे. बोथट कात्रीने नळ्या चेंगरतात.

तिसरी चूक म्हणजे घाण. पाण्यात बुडालेली पाने कुजतात, जंतू वाढतात, पाणी बुळबुळीत होते आणि त्याच नळ्या पुन्हा तुंबतात. पाण्याखाली येतील ती सगळी पाने आणि काटे काढून टाकावेत, काटे काढताना साल सोलू नये. फुलदाणी साबणाने आतून घासावी. माझ्या त्या नक्षीच्या फुलदाणीत हातच जात नाही. तळाशी कधीचा थर होता, अल्लाह जाणे. ती आता शोभेपुरती कपाटात.

पाण्यात ॲस्पिरिन टाका, तांब्याचे नाणे टाका, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मी दोन्ही करून पाहिले, काही फरक दिसला नाही. एक लिटर पाण्यात चमचाभर साखर आणि दोन चमचे लिंबाचा रस मात्र उपयोगी पडतो. साखर फुलाचे पोट भरते, लिंबाच्या आंबटपणामुळे पाणी देठात सहज चढते. पण साखर जंतूंनाही आवडते, म्हणून पाणी रोज बदलायलाच हवे. बदलताना टोकही थोडे कापावे. तेवढा कंटाळा असेल तर साखर घालूच नका, साधे स्वच्छ पाणी बरे. तांब्या-पितळेच्या भांड्यात लिंबू घालू नये हे आपल्याला सांगायला नकोच.

आणि चौथी, जी मला सर्वांत नवी होती. ती टोपली! पिकणाऱ्या केळ्यांतून, सफरचंदांतून इथिलीन नावाचा वायू निघतो, त्याने फुले लवकर म्हातारी होतात. फळे एका कोपऱ्यात, फुले दुसऱ्या. पंख्याचा झोत आणि फ्रिजच्या वरची जागाही टाळावी.

दुसऱ्या वेळी सगळे नीट केले, तरी एका फुलाने तिसऱ्या दिवशी मान टाकलीच. या वेळी टाकून दिले नाही. चाचांनी सांगितल्याप्रमाणे टोक पाण्यात कापले आणि टबात पाणी घेऊन फूल देठासकट आडवे तरंगत ठेवले. तासाभराने मान सरळ. ते तसेच ओले अम्मींकडे नेले. त्या बराच वेळ त्याच्याकडे पाहत होत्या. म्हणाल्या काहीच नाहीत, पण त्या दिवशी असरनंतर वॉकर घेऊन दारापर्यंत दोनदा गेल्या. एरवी एकदा जायलाही नाही म्हणायच्या.

आता मांडणीचे. त्याचा फार बाऊ करू नये. लांब देठाचे ग्लॅडिएटरसारखे गुलाब असतील तर भांड्याच्या उंचीच्या दीडपट फुले वर दिसावीत, एवढा अंदाज पुरे. तोंड रुंद असेल तर फुले सगळी कडेला कलंडतात. त्यावर पारदर्शक चिकटपट्टीच्या उभ्या-आडव्या पट्ट्या लावून जाळी करावी किंवा आधी मेंदीच्या चार काड्या फसवून त्यांच्यात गुलाब अडकवावेत. मेंदीची पाने शोभतातही. आखूड देठाच्या फुलांना काचेची वाटी बरी. एकच फूल असेल तर रूहअफजाची रिकामी बाटली घासून घ्यावी, अरुंद तोंडामुळे फूल ताठ उभे राहते. अम्मींच्या उशाशी हीच असते. पलंगावर निजलेल्या माणसाला भरगच्च गुच्छापेक्षा डोळ्यांच्या उंचीवरचे एक फूल जास्त दिसते, हे मला निजून पाहिल्यावर कळले. गावठी गुलाब मात्र फुलदाणीत घालू नका. वास अप्रतिम, पण दिवसभरातच पाकळ्या झडतात.

राहिला अम्मींचा इसराफचा आक्षेप. तो मी झटकून टाकला नाही, कारण वाया घालवू नये ही शिकवण आपलीच आहे. पण उमललेले फूल योग्य जागी कापले की त्याखालच्या डोळ्यातून नवी फांदी फुटते आणि झाड पुन्हा फुलते. झाडावरच सुकू दिले तर त्याची ताकद फळ धरण्यात जाते. कापायचे ते पाच पत्र्यांच्या पानाच्या वर, बाहेर तोंड केलेल्या डोळ्यापाशी. फांदीवर निदान दोन-तीन अशी पाने मागे राहावीत. हे अम्मींना सांगितले तर म्हणतात, "हे तू मला शिकवतेस?"

आता रोज सकाळी मी मोबाइलवर झाडांचे फोटो काढून नेते. त्या चष्मा लावून, बोटाने मोठे करून पाहतात आणि आज कोणते कापायचे, कुठे कापायचे ते सांगतात. इयादतीला आलेल्या बायकांना जाताना एक फूल देतात. एक पाहुणी संकोचाने नको म्हणाली, तेव्हा अम्मींनी तिला सहीह मुस्लिममधल्या हदीसची आठवण दिली की सुगंधी रोप कुणी दिले तर नाकारू नये, ते उचलायला हलके आणि वासाला चांगले असते. पाहुणीने दोन नेली.

फुलदाणीतल्या झडलेल्या पाकळ्या सावलीत वाळवून मी कपड्यांच्या कपाटात ठेवते. त्यांचा गुलकंद करू नये. त्यासाठी ताज्या, औषध न फवारलेल्या गावठी गुलाबाच्याच पाकळ्या लागतात. त्याविषयी पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह. अम्मींचे प्रमाण विचारून ठेवले आहे.