फुलाची नळी अन् पतंगाची सोंड : आमरी वाचवायची तर कीटकही वाचवा!

लोहा : पावसाळा आला की कासच्या फुलांचे फोटो आपल्या मोबाइलवर येऊ लागतात. त्यात पांढऱ्या आमरीचे, म्हणजे ऑर्किडचेही असतात. हे फूल असं दिसतं, त्यामागे एका कीटकाचा हात आहे.

नेमकं काय घडतं?
कासला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलणाऱ्या 'हॅबेनारिया लाँजिकॉर्निक्युलाटा' या आमरीच्या फुलामागे दहा सेंटिमीटरहून लांब नळी लोंबते. मध असतो तिच्या तळाशी. तिथवर पोहोचते ती लांब सोंडेच्या रातपतंगाचीच सोंड. पतंग आत तोंड खुपसतो, तेव्हा परागांचे चिकट पुंजके त्याला चिकटतात आणि पुढच्या फुलावर जातात. नळी आखूड असेल, तर पतंग फुलाला न टेकताच मध पिऊन जातो. मग बी धरत नाही. लांब नळीच्या झाडांना जास्त बी धरतं आणि पुढच्या पिढीत त्यांचीच संख्या वाढते. एकाच जातीच्या झाडांना वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे कीटक मिळाले, तर हजारो वर्षांत त्यांच्या वेगळ्या जातीही होऊ शकतात.

डार्विनचा अंदाज
मादागास्करमधल्या आमरीची सुमारे ३० सेंटिमीटर नळी पाहून चार्ल्स डार्विनने १८६२ मध्ये लिहिलं, की तेवढ्या सोंडेचा पतंग तिथे असणारच. त्या पतंगाची नोंद झाली १९०३ मध्ये. तोवर डार्विनला जाऊन २१ वर्षं झाली होती.

आपला काय संबंध?
तिळावर किंवा रताळ्याच्या वेलावर मागे शिंग असलेली जाडजूड अळी शेतकऱ्यांनी पाहिलेली असते. ती याच कुळातल्या पतंगाची. म्हणजे हे पाहुणे फक्त कासचे नाहीत, आपल्या शिवारातलेही आहेत.

कास २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तिथे पर्यटकांच्या संख्येवर मर्यादाही आहे. ते योग्यच. पण फूल राखलं आणि पतंग गेला, तर आमरी फुलेल, बी धरणार नाही. अशा संवर्धनाला अर्थ काय? रात्रभर जळणारे प्रखर दिवे पतंगांना भरकटवतात, सरसकट फवारणी त्यांना मारते. म्हणून किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यावरच फवारणी करा, हा सल्ला पाळायला हवा. त्यात खर्च वाचतो आणि तुरीवर येणाऱ्या मधमाशाही वाचतात.