शिक्षणविचार : घराच्या आतली वास्तुविद्या

"पडदे आणि सोफे निवडायला कॉलेज कशाला हवे?" हा प्रश्न आपल्या समाजातील अनेक वडीलधाऱ्या मंडळींच्या ओठी असतो. सैन्यातील सेवा आटोपून आलेली नात 'मी अंतर्गत वास्तुरचनेचा अभ्यासक्रम घेऊ का?' असे विचारते, तेव्हा आजोबांच्या डोळ्यांपुढे इंजिनीअर किंवा परिचारिका झालेली नात उभी असते, आणि हे नवे नाव त्यांना शिवणकामाच्या वर्गाइतकेच किरकोळ वाटते. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शिक्षणाची तीन-चार वर्षे आणि आईबापांची कष्टाची पुंजी त्यावर लागणार असते. म्हणून त्याचे उत्तर एखाद्या प्रत्यक्ष उदाहरणावरून शोधावे, आणि त्यासाठी सिंगापूरइतके बोलके उदाहरण दुसरे आढळत नाही.

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद येथील शिकूनांत राहिली. सरकारने घाईघाईने बांधलेल्या इमारती, आखूड खोल्या, सर्वांना सारखाच आराखडा, हे आपल्या चांगले परिचयाचे आहे. सिंगापूरची कथा हीच, पण अधिक मोठ्या प्रमाणावर घडलेली. १ फेब्रुवारी १९६० रोजी तेथे गृहनिर्माण व विकास मंडळ स्थापन झाले. पुढल्याच वर्षी, २५ मे १९६१ रोजी, बुकित हो स्वी येथील झोपडवस्तीला भीषण आग लागून सुमारे सोळा हजार माणसे बेघर झाली, आणि मंडळाच्या कामाला विलक्षण वेग आला. पहिल्या पाच वर्षांत पन्नास हजारांहून अधिक सदनिका उभ्या राहिल्या. आज तेथील दर पाच रहिवाशांपैकी जवळजवळ चार जण याच मंडळाच्या घरांत राहतात. तेथे 'चार खोल्यांचे घर' म्हणजे तीन शयनगृहे आणि एक दिवाणखाना. ही मोजणी इस्राएलातील वाचकांना वेगळी समजावून सांगायला नको!

आता असा विचार करा. ज्या देशात बहुसंख्य लोकांची घरे सुमारे नव्वद चौरस मीटरची आणि एकाच साच्यातली, तेथे प्रत्येक कुटुंबाचा वेगळेपणा राहतो कोठे? भिंतींच्या आत. चिनी घरात पूर्वजांची वेदी हवी, तमिळ घरात देवघर, मलय घरात नमाजासाठी स्वच्छ जागा आणि तिची दिशा. बाहेरची इमारत सर्वांची एक. आतली रचना ज्याची त्याची. लग्नसमारंभाला आणि अंत्यविधीला घर अपुरे पडते, म्हणून इमारतीचा तळमजला मोकळा ठेवलेला असतो. त्याच जागी एका आठवड्यात मलय लग्नाची मेजवानी, तर दुसऱ्या आठवड्यात चिनी अंत्यसंस्काराचा मांडव दिसतो. ही सोय आपल्या शिकूनांच्या आराखड्यात कोणी ठेवली असती, तर किती बरे झाले असते असे वाटल्यावाचून राहत नाही.

या विषयाचा विद्यार्थी जे शिकतो, ते येथूनच सुरू होते. पहिल्या वर्षी तो मोजायला शिकतो : दाराची रुंदी, जिन्याच्या पायरीची उंची, ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईच्या कोपराची पातळी, चाकाच्या खुर्चीला वळायला लागणारी जागा. मग नकाशा, छेद, पुठ्ठ्याची प्रतिकृती. मग प्रकाश, हवा, आवाज, लाकूड, दगड, पाण्याचे व विजेचे मार्ग. कोणती भिंत भार पेलते आणि कोणती नाही, हे त्याला ठाऊक असावेच लागते. रंग आणि कापड यांची पाळी बरीच मागाहून येते.

आणि नियम! सिंगापुरात आपल्या घरातली भिंत काढायची, तर आधी मंडळाची परवानगी घ्यावी लागते. नव्या सदनिकेच्या न्हाणीघरातील फरश्या पहिली तीन वर्षे उखडता येत नाहीत, कारण खालचा पाणी अडवणारा थर फाटला, तर त्रास खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला होतो. १९९७ च्या कायद्यानुसार पुढे बांधल्या गेलेल्या घरांत एक संरक्षक खोली असते, जाड काँक्रीटच्या भिंतींची आणि पोलादी दाराची. तिची भिंत फोडता येत नाही, दार काढता येत नाही. १९९१ च्या आखाती युद्धानंतर इस्राएलात आलेल्या 'ममाद'ची ही बहीणच म्हणावी. सिंगापूरकर तिच्यात तांदळाची पोती नि जुन्या पेट्या ठेवतात. आपण तिच्यात मुलांना निजवतो. खिडकी-दाराची व्यवस्था न बिघडवता अशा खोलीत दोन मुलांचे अंथरूण, अभ्यासाचे मेज आणि भोंगा वाजताच सहा माणसांना आत येण्याइतकी मोकळी जागा कशी साधावी, हा प्रश्न पडदे निवडण्याचा खासच नव्हे.

दुसरी गोष्ट वृद्धांची. २०१२ साली मंडळाने जुन्या सदनिकांतील म्हाताऱ्या माणसांसाठी एक योजना सुरू केली. न्हाणीघरात धरायला दांड्या, फरशी निसरडी राहू नये म्हणून तिच्यावर लेप, उंबऱ्यापाशी लहानसा उतार, एवढेच तिचे स्वरूप. खर्चाचा मोठा वाटा सरकारचा. अशा साध्या गोष्टींवाचून आपल्याकडील किती आज्यांची मांडीची हाडे मोडली, ते प्रत्येक कुटुंबाने आपापले आठवावे.

हे शिक्षण तेथे कोठे मिळते? तांपिनेस येथील टेमासेक पॉलिटेक्निक (स्थापना १९९०) या संस्थेत अंतर्गत वास्तुरचनेचा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे. जेम्स स्टर्लिंग व मायकेल विलफर्ड यांच्या आराखड्यानुसार बांधलेले तिचे आवार हाच एक पाठ आहे. शहरात लासाल (१९८४) आणि नानयांग ललितकला अकादमी (१९३८) या दोन जुन्या कलासंस्था आहेत. त्या दोघी मिळून आता सिंगापूरचे कला विद्यापीठ झाले असून २०२४ पासून तेथे पदवीचे विद्यार्थी घेतले जातात. नानयांगच्या इमारती बेंकूलन रस्त्यावर आहेत. शेजारच्याच वॉटर्लू रस्त्यावर १८७८ चे मगेन अबोथ हे बगदादी यहुद्यांचे सिनेगॉग उभे आहे, आणि जवळच सेलेगी रस्त्यावरील १९२४ च्या एलिसन इमारतीच्या दर्शनी भागावर दाविदाचा तारा कोरलेला दिसतो. आपला मुलगा वा मुलगी तेथे गेलीच, तर शब्बाथच्या दिवशी परकेपणा वाटू नये.

विद्यार्थ्यांना अभ्यासाला आणखी एक सोय आहे, ती म्हणजे जुनी घरे. १९८९ साली चायनाटाउन, लिटल इंडिया, कंपोंग ग्लाम हे भाग जतनासाठी राखले गेले. दर्शनी बाजू तशीच ठेवावी, मधला चौक बुजवू नये, आणि आत मात्र आजचे जीवन मांडावे, अशी तेथील शिस्त. १९२९ चे नगरभवन व १९३९ चे सर्वोच्च न्यायालय या दोन इमारती जोडून २०१५ मध्ये राष्ट्रीय कलादालन झाले. जेथे आरोपी उभे राहत, तेथे आता चित्रे पाहणारे फिरतात. मुंबईच्या जुन्या चाळींविषयी असा विचार कोणी करील काय?

पालकांनी दोन गोष्टी मात्र नीट जाणून घ्याव्यात. या अभ्यासक्रमाच्या नावात वास्तुरचना असली, तरी तो पुरा करणारा कायद्याने वास्तुविशारद होत नाही. सिंगापुरात ती उपाधी नोंदणीवाचून लावता येत नाही, इस्राएलातही नाही. पूर्ण इमारत उभारण्याची ज्याला हौस आहे, त्याने लांबचा मार्ग धरावा. आपल्याच समाजातील जे. एम. बेंजामिन यांनी तो धरला आणि दिल्लीच्या संसद भवनाची १९७५ ची जोडइमारत त्यांच्या आराखड्यातून उभी राहिली. दुसरी गोष्ट पैशाची. परदेशी विद्यार्थ्याने तेथील सरकारचे शुल्क-अनुदान घेतले, तर शिक्षणानंतर तीन वर्षे सिंगापुरातील संस्थेतच नोकरी करावी लागते. करारावर सही करण्यापूर्वी आईवडिलांनी मुलीबरोबर बसून तो वाचावा.

आपले पूर्वज कोकणात तेलाचा घाणा चालवीत, आणि मुंबईत आल्यावर त्यांतील अनेकांनी सुतारकाम व गवंडीकाम केले. तेव्हा हातातला गुण्या आणि ओळंबा आपल्याला नवा नाही. शिवाय आपल्या घरांना स्वतःच्या काही गरजा आहेत, ज्या दुसऱ्या कोणाला सांगून कळणार नाहीत. दूध व मांस यांची भांडी वेगळी ठेवणारे छोटे स्वयंपाकघर. मलिद्याच्या दिवशी जमिनीवर स्वच्छ चादर अंथरून मधोमध ताट ठेवता यावे आणि भोवती पंधरा-वीस माणसे बसावीत एवढी मोकळी जागा. एलियाहू हन्नाबीच्या तसबिरीसाठी नजरेच्या उंचीवरची भिंत. आज दिवाणखाना सोफ्याने इतका भरतो, की मलिद्यासाठी हॉल भाड्याने घ्यावा लागतो.

प्रवेशासाठी अशा संस्था बहुधा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कामाची वही मागतात. तिच्यात मासिकांतून उतरवलेले महाल नसावेत. आजीच्या स्वयंपाकघराचे टेप लावून मोजमाप घ्यावे, ओट्याची उंची, फळीपर्यंतचे अंतर, दाराआड अडलेली जागा हे सारे प्रमाणात कागदावर उतरवावे, आणि आजीला दिवसातून किती वेळा वाकावे लागते, ते बाजूला लिहून ठेवावे.