अति तेथे शेवाळ

काचेच्या पेटीत मासे पाळण्याची हौस आता बंगल्यांपुरती राहिलेली नाही. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातही टीव्हीशेजारी मासे पोहताना दिसतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु पेटीत जिवंत झाडे लावली, की महिन्या-दोन महिन्यांत बहुतेकांची एकच तक्रार कानी येते : "पानांवर शेवाळ धरले, काही औषध आहे का?" हा प्रश्नच चुकीच्या दाराशी उभा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

झाडाला जे लागते तेच शेवाळाला लागते : उजेड, कर्बवायू, नत्र आणि स्फुरद. फरक एवढाच, की झाड सावकाश जेवते आणि शेवाळ अधाशी असते. झाडाला पुरून उरेल इतके ताटात पडले, की उरलेल्यावर शेवाळ ताव मारते. आणि वाढणारे कोण? आपणच. पेटी खिडकीत उन्हाला ठेवतो. सकाळी लावलेला दिवा रात्री निजताना मालवतो. मासा वर आला की तो भुकेला समजून चिमूटभर खाद्य टाकतो. उरलेले खाद्य व माशांची विष्ठा तळाशी कुजते आणि पाण्याला खत मिळते. मग सावकाश वाढणाऱ्या अनुबियासची जुनी पाने हिरव्या ठिपक्यांनी, काळ्या केसाळ झुबक्यांनी माखून जातात. अति तेथे माती म्हणतात. येथे अति तेथे शेवाळ!

आता औषधाचे पाहू. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील द्राक्षबागेत मजुरी करतात. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण त्यांनी जन्मभर फवारले. शेवाळनाशकाच्या कित्येक बाटल्यांत असाच तांब्याचा क्षार असतो. मी हे सांगितले, तेव्हा ते चटकन म्हणाले, "अरे, मग त्या पाण्यात जीव राहायचे कसे?" शाळा न पाहिलेल्या माणसाला जे सुचले, ते शिकलेल्या गिऱ्हाइकाला का सुचू नये? तांब्याने गोगलगाई व कोळंबी मरतात, नाजूक झाडेही करपतात. शिवाय एकदम मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते, मासे वर येऊन धापा टाकतात, आणि त्या कुजण्यातून पुन्हा खतच तयार होते. म्हणजे पुन्हा शेवाळ, पुन्हा बाटली! रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तो हाच प्रकार.

लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली आपला प्रयोग प्रसिद्ध केला. सोनमासे आणि वॅलिसनेरियाची झाडे एकत्र ठेवली, तर कुजकी पाने व हिरवा बुळबुळीत थर पाणी गढूळ करू लागला. त्यांनी पाण्यात विष ओतले नाही. तळ्यातल्या गोगलगाई सोडल्या. त्यांनी ती घाण खाल्ली. पावणेदोनशे वर्षांनी आपण त्याच गोगलगाईंना मारणारी बाटली पैसे मोजून आणतो, याला काय म्हणावे?

फीसाठी मी संध्याकाळी माशांच्या एका दुकानात काम करतो. "आधी दिवा कमी करा," असे मी गिऱ्हाइकाला सांगितले, की मालकांच्या कपाळाला आठी पडते. त्यांचेही खरे आहे. बाटलीवर दुकान चालते आणि माझी फीही त्याच गल्ल्यातून जाते. तरीही पोरासाठी पै-पै साठवून मासे नेणाऱ्याला खरे तेच सांगावे, असे मला वाटते.

उपाय साधे आहेत. दिवा रोज ठरावीक वेळी सहा ते आठ तासच लावावा. पेटी उन्हापासून दूर ठेवावी. खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेच टाकावे. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी, क्लोरीन घालवून, बदलावे. फार माखलेली पाने कात्रीने कापावीत आणि वॅलिसनेरिया, हायड्रिला अशी झपाट्याने वाढणारी झाडे लावावीत. ती शेवाळाच्या तोंडचा घास काढून घेतात. नव्या पेटीतला तपकिरी थर बहुधा आपोआप जातो. मात्र काही आठवडे धीर धरावा लागतो, आणि धीर कोणत्याही दुकानात मिळत नाही.

तेव्हा मित्रहो, बाटलीकडे हात नेण्यापूर्वी आपण रोज पेटीत काय काय ओततो, याचा हिशेब मांडा. त्यासाठी पदवी लागत नाही.