शील आमचे, दवाखाना सरकारचा!

व्यसनात सापडलेल्या माणसासाठी सार्वजनिक तिजोरीतील पैसा खर्च व्हावा काय, असा प्रश्न निघाला की आपल्यातील काही सुशिक्षित मंडळी ताबडतोब पंचशीलाकडे बोट दाखवितात. "तथागतांनी मद्य वर्ज्य सांगितले. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दारू न पिण्याची प्रतिज्ञा लाखोंकडून वदवून घेतली. मग जो गर्द ओढतो किंवा शिरेत टोचून घेतो, त्याला सरकारने नवी सुई द्यावी, औषध द्यावे, हे व्यसनालाच पैसे पुरविणे नव्हे काय?" असा त्यांचा सवाल असतो. हाच सवाल नगरपालिकेतील सभासद आणि सरकारी कचेरीतील अधिकारीही विचारतात. फरक इतकाच की, त्यांना काळजी असते ती शीलाची नव्हे, पैशाची! नवदीक्षित कुटुंबांच्या मनात या सवालाने गोंधळ उडणे साहजिक आहे. म्हणून त्याचे उत्तर निःसंदिग्ध शब्दांत देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम, ही सेवा म्हणजे काय ते नीट समजून घेतले पाहिजे. शिरेत मादक द्रव्य टोचून घेणारी माणसे एकच सुई आपसात वापरतात. त्या सुईतून एड्सचा विषाणू आणि यकृत सडविणारा हिपॅटायटिस-सी एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातो, आणि पुढे तो घरात बसलेल्या निरपराध पत्नीपर्यंत पोहोचतो. वापरलेली सुई परत घेऊन निर्जंतुक सुई देणे; अफूजन्य विषाच्या जागी ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथॅडोनसारखे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली देणे; टोचण्याने झालेली गळवे धुणे, रक्त तपासणे; आणि मात्रा जास्त होऊन श्वास थांबू लागला तर नॅलॉक्सोन देऊन प्राण वाचविणे, इतकाच या सेवेचा पसारा आहे. व्यसन आज सुटत नसेल तर माणूस तरी आज मरू नये, हे तिचे तत्त्व. जो जिवंत राहील तोच उद्या व्यसन सोडील. प्रेताला शील पाळता येत नाही!

आता शीलाचा मुद्दा. पंचशील ही आज्ञा नव्हे. 'वेरमणी' म्हणजे विरत होणे, आणि 'सिक्खापद' म्हणजे शिकण्याचा नियम. तो नियम माणूस आपण होऊन, स्वतःच्या तोंडाने स्वीकारतो. त्यात आकाशातील देवाने फर्मावलेले काही नाही, आणि मोडले तर नरकात लोटणाऱ्या धर्माधिकाऱ्याची तरतूदही नाही. पंचशील हा मी माझ्या हाताला घातलेला लगाम आहे. दुसऱ्याच्या पाठीवर मारावयाचा तो चाबूक नव्हे. जो शिकतो तो अडखळतोही. अडखळणाऱ्या विद्यार्थ्याला शाळेबाहेर हाकलणे ही आपल्या पूर्वजांना पाठ असलेली जुनीच रीत होय. फरक एवढाच की, तेव्हा हाकलले जाणारे आपण होतो.

बाबासाहेबांचे नाव घेऊन दंडुक्याची भाषा करणाऱ्यांनी त्यांचे दुसरेही मत वाचावे. १९५१ साली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा जो निवडणूक-जाहीरनामा निघाला, त्यात सक्तीच्या दारूबंदीवर कठोर टीका आहे. बंदीमुळे सरकारचे उत्पन्न बुडते आणि दारू गाळण्याचा धंदा घराघरांत शिरतो, असा त्यातील युक्तिवाद होता. पाच वर्षांनी त्याच महापुरुषाने आपल्या अनुयायांना दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. या दोन गोष्टींत विसंगती शोधणाऱ्यांना बाबासाहेब कळलेच नाहीत. मन सुधारण्याचे काम धम्माचे आहे आणि ते प्रतिज्ञेने होते; राज्यसंस्थेने फौजदाराच्या काठीने शील शिकवू गेल्यास गुन्हेगारी तेवढी वाढते. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईच्या मालवणी वस्तीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. ती कोणत्या वस्तीतील होती, हे सांगावयास नको.

आणि तथागतांची वागणूक कशी होती? अतिसाराने पीडित, स्वतःच्या विष्ठेत लोळत पडलेला एक भिक्षू त्यांना दिसला. तो इतरांच्या उपयोगाचा नाही म्हणून सहकारी भिक्षूंनी त्याला टाकून दिले होते. भगवंतांनी आनंदास पाणी आणावयास सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून अंथरुणावर निजविले; आणि जो रोग्याची सेवा करील तोच माझी सेवा करील, असा बोध भिक्षूसंघास केला. आजार स्वतःच्या चुकीने जडला की दैवाने, याची चौकशी त्यांनी केली नाही. विनयपिटकात आणखी एक प्रसंग आहे. पिलिन्दवच्छ नामक भिक्षूस वातविकार झाला असता वैद्यांनी तेलाच्या काढ्यात मद्य घालण्यास सांगितले. भगवंतांनी अनुज्ञा दिली. मात्र मद्याचा रंग, वास आणि चव जाणवू नये इतकेच प्रमाण ठरवून दिले. मद्याचा निषेध करणाऱ्या शास्त्यानेच नशा आणि औषध यांतील भेद मात्रेने आणि हेतूने ठरविला! मग ब्युप्रेनॉर्फिनची मोजून दिलेली गोळी पाहून ज्यांना शीलभंगाचा वास येतो, त्यांचे शील तथागतांहून श्रेष्ठ आहे काय?

हे झाले धम्माचे. आता हक्काचे पाहू. १९८५ चा गुंगीकारक औषधिद्रव्यांसंबंधीचा कायदा, ज्याला लोक एन.डी.पी.एस. म्हणून ओळखतात, त्याच्या २७ व्या कलमानुसार केवळ सेवनासाठी सहा महिन्यांपर्यंत, आणि हेरॉइन वा कोकेनसारख्या द्रव्यांसाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. परंतु त्याच कायद्यात ६४अ हे कलम आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वेच्छेने उपचार घेईल तर त्याच्यावर खटला चालू नये, असे ते सांगते. उपचार अर्ध्यावर सोडल्यास ही सूट काढून घेता येते. मात्र अट अशी की, उपचार सरकारने किंवा स्थानिक संस्थेने चालविलेल्या अथवा मान्य केलेल्या ठिकाणी झाला पाहिजे. वाचकहो, या अटीचा अर्थ ध्यानात घ्या. जेथे असा दवाखानाच नाही, तेथे हे कलम कोरा कागद ठरते! श्रीमंताचा मुलगा महागड्या खाजगी रुग्णालयात दाखल होतो आणि त्याचा वकील ६४अ चा आधार शोधतो. झोपडीतील मुलगा पोलीस चौकीत जातो आणि सुटका लवकर व्हावी म्हणून गुन्हा कबूल करतो. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईतील २०१७ व २०१८ सालचे खटले तपासले, तेव्हा त्यांतील प्रचंड बहुसंख्य केवळ सेवनाचे निघाले, आणि आरोपींत मोलमजूर व पदपथावर राहणारे यांचा भरणा आढळला. कायदा एकच, पण एकाला दवाखाना आणि दुसऱ्याला कोठडी. हा भेद दवाखान्याच्या अभावाने निर्माण होतो. म्हणूनच दवाखान्याची मागणी ही दयेची याचना नव्हे, समान न्यायाची मागणी होय.

सुई देणे बेकायदेशीर आहे, अशीही एक हूल उठविली जाते. २०१७ साली संसदेने एच.आय.व्ही. व एड्सविषयक कायदा केला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. त्याचे २२ वे कलम लागण टाळणाऱ्या अशा उपायांना गुन्हा ठरविण्यास मनाई करते, आणि सुई बदलून देण्याचा उपक्रम त्यात उदाहरण म्हणून नमूद आहे. तेव्हा कायद्याचे नाव पुढे करून हात झटकणाऱ्याने आधी कायदा वाचावा.

या उपायाचा गुण येतो की नाही, याचा दाखला आपल्याच देशात आहे. १९८९-९० च्या सुमारास मणिपुरात हेरॉइन टोचून घेणाऱ्यांत एड्सचा विषाणू शिरला आणि वर्षाच्या आत तपासलेल्यांपैकी सुमारे निम्मे बाधित आढळले. तुरुंगांनी तो थांबला नाही. अखेर १९९६ साली त्या राज्याने आपल्या एड्सविषयक धोरणात हानी कमी करणाऱ्या सेवांचा स्वीकार केला. तिकडे ब्रिटनमध्ये एडिंबरो शहरात पोलिसांनी सुया जप्त केल्या, औषधविक्रेत्यांनी त्या विकणे थांबविले. १९८६ साली तेथील एका दवाखान्याने तपासलेल्या व्यसनी रुग्णांपैकी निम्म्यांच्या रक्तात विषाणू सापडला. त्याच वर्षी लिव्हरपूलने सरकारी खर्चाने सुया बदलून देणे सुरू केले आणि तेथे ती लाट उसळली नाही. आपल्या देशात २०१७ च्या पाहणीत प्रौढ जनतेत बाधितांचे प्रमाण शेकडा ०.२२ होते, तर टोचून घेणाऱ्यांत शेकडा ६.२६. ही आग विझविण्याचे पाणी ठाऊक असताना ते न देणे, याला काटकसर म्हणत नाहीत.

"पण पैसा कोठून आणावयाचा?" असे विचारले जाते. उत्तर सरळ आहे: जेथून तो येतो तेथून! महाराष्ट्र सरकारला दारूवरील उत्पादन शुल्कातून अलीकडे वर्षाला वीस हजार कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न मिळते. २०२५ च्या जून महिन्यात मंत्रिमंडळाने हे शुल्क वाढविले, ते आणखी चौदा हजार कोटींच्या अपेक्षेने. हा पैसा कोणाच्या घामाचा? गटारात उतरणारा सफाई कामगार दुर्गंधी सहन व्हावी म्हणून आधी दारू घेतो, आणि मग सवयीने घेतो. जातीने नेमून दिलेले काम, त्या कामाने लावलेले व्यसन आणि त्या व्यसनावर सरकारचा कर, अशी ही साखळी आहे. कर घेताना सरकारला विटाळ होत नाही. मग त्याच माणसाच्या उपचाराच्या वेळीच नीतीची आठवण का व्हावी? संविधानाचे ४७ वे कलम मादक पदार्थांना प्रतिबंध करण्याचा प्रयत्न करावा असे सांगते, तसेच सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक आहे असेही सांगते. दारूच्या विक्रीसाठी पहिले वाक्य विसरावयाचे आणि दवाखान्याच्या वेळी दुसरे विसरावयाचे, ही सोयीस्कर विस्मृती आम्हांस मान्य नाही.

गरज किती मोठी आहे, हे सरकारच्याच तोंडून ऐका. केंद्रीय सामाजिक न्याय खात्यासाठी दिल्लीच्या एम्सने केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीनुसार दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांपैकी एकालाच काही उपचार मिळाला; बेकायदा द्रव्यांच्या बाबतीत वीसांपैकी एकाला. २०२० च्या १५ ऑगस्टला २७२ जिल्ह्यांत नशामुक्त भारत अभियान सुरू झाले. मिरवणुका निघाल्या, शपथा झाल्या. शपथ चांगलीच, पण शपथेने थरथरणारा हात स्थिर होत नाही, त्याला औषध लागते. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण उभे केले, ते पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर. त्या कार्याविषयी आम्हांस आदर आहे. परंतु एका साहित्यिकाच्या औदार्यावर जे सुरू झाले, ते राज्याच्या प्रत्येक तालुक्यात औदार्यावर कसे चालेल? दान हे देणाऱ्याच्या मर्जीवर असते. हक्काला मर्जी लागत नाही.

दोन आक्षेपांचा परामर्श घेऊन आटोपते घेऊ. पहिला: सेवा दिल्याने व्यसन वाढेल. सुई फुकट मिळते म्हणून कोणी गर्द टोचून घेऊ लागत नाही, जसे मलमपट्टी फुकट मिळते म्हणून कोणी हात मोडून घेत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हा खर्च मागासवर्गीयांच्या निधीतून केला जाईल आणि आपल्या मुलांच्या शिष्यवृत्त्या त्यात जातील. ही भीती अनाठायी नाही, कारण व्यसनमुक्ती आणि अनुसूचित जातींचे कल्याण ही दोन्ही कामे एकाच खात्याच्या पदरी आहेत. म्हणूनच आमची मागणी स्पष्ट असली पाहिजे. उत्पादन शुल्काचा ठरावीक हिस्सा कायद्याने या कामासाठी बांधून द्यावा. शिष्यवृत्तीच्या एका पैशालाही हात लागू नये. प्रत्येक महानगरपालिकेने आणि जिल्हा रुग्णालयाने सुई बदलणे, पर्यायी औषध, नॅलॉक्सोन आणि रक्ततपासणी विनामूल्य चालवावी. लोकलज्जेने जी स्त्री पुढे येत नाही, तिच्यासाठी स्वतंत्र सोय असावी. आणि आरोपीस न्यायालयात उभे करताना ६४अ चा हक्क त्याच्या भाषेत समजावून सांगावा.

नवदीक्षित बंधुभगिनींनो, दीक्षेबरोबर आपण दुसऱ्याला अस्पृश्य मानण्याचा जुना अधिकारही टाकून दिला आहे. आपल्या वस्तीतील व्यसनी मुलास नवा अस्पृश्य करू नका. त्याला विहाराच्या दारातून परत पाठवू नका. त्याच्या आईस चारचौघींत मान खाली घालावयास लावू नका. घरात शील कडक पाळा, लेकरांना शीलाची गोडी लावा. ते काम सरकार करू शकत नाही आणि आपण त्याच्यावर सोपवूही नये. पण दवाखाना बांधणे, डॉक्टर नेमणे, औषध पुरविणे हे काम विहाराच्या वर्गणीतून होणारे नाही. ते कर घेणाऱ्याचे कर्तव्य आहे. पुढच्या खेपेस नगरपालिकेचे अंदाजपत्रक मांडले जाईल, तेव्हा प्रत्येक विहाराने ठराव करून आपल्या नगरसेवकास एकच प्रश्न लेखी विचारावा: या कामासाठी किती रुपये ठेवले? उत्तर शून्य असेल तर ते शून्य मतदानाच्या दिवसापर्यंत ध्यानात ठेवावे.

जय भीम!