निगेटिव्हवरची पेन्सिल

लग्नसराईच्या आधी सोलापुरातील छायाचित्रकारांच्या दुकानांतून एक काम गुपचूप चालते. पाटीवर त्याला नाव नसते, आणि ग्राहकही ते उघड बोलत नाही. 'जरा फ्रेश दिसू द्या', एवढेच मुलीची आई म्हणते आणि संगणकासमोर बसलेल्या पोराला सारे कळते.

माझ्या भाचीचे स्थळांना पाठवायचे छायाचित्र असेच 'फ्रेश' होऊन आले. भुवईवरची लहानपणची खोक गेली, नाकाच्या बाजूची सावली गेली आणि रंग दोन छटांनी उजळला. तिने ते पाहिले आणि म्हणाली, "मामा, ही मुलगी छान आहे. पण पाहुणे आले की चहा हिने न्यायचा की मी?"

जाब विचारायला म्हणून मी त्या दुकानात गेलो. परतलो तो निराळाच प्रश्न घेऊन. तो पोरगा कामात कच्चा नव्हता. फॅशनच्या छायाचित्रांचे रिटचिंग शिकून पुण्या-मुंबईला जायचे त्याच्या मनात आहे आणि त्यासाठी तो रात्र रात्र चित्रफिती पाहतो. अडचण एवढीच, की त्या धड्यांतले जवळजवळ सर्व चेहरे गोऱ्या युरोपीय स्त्रियांचे आहेत. त्यांच्यासाठी सांगितलेली मापे तो विडी घरकुलातल्या मुलीच्या चेहऱ्यावर लावतो, आणि मग तो चेहरा राखेसारखा दिसू लागतो.

याचे कारण साधे आहे. छपाईच्या चार रंगांत मोजले तर माणसाच्या कातडीत, मग ती कोणत्याही वंशाची असो, पिवळा हा किरमिजीइतका किंवा त्याहून थोडा अधिक असतो. निळा बराच कमी. सावळेपणाबरोबर निळ्या-काळ्याचे प्रमाण वाढते, पण पिवळ्या-तांबड्याची ऊबही दाट होते. उजळपणाची पट्टी सरकवताना ही ऊबच आधी मारली जाते. उरतो तो गोरेपणा नव्हे, फिकेपणा. हे त्या पोराला कोणी सांगितलेले नाही. विसाव्या शतकात रंगीत छपाईचे प्रमाण ठरवायला कोडॅकची जी 'शर्ली कार्डे' वापरात होती, त्यांवरची स्त्रीही दीर्घकाळ गोरीच होती. म्हणजे चूक जुनी आहे. ती आता रासायनिक द्रावणातून आज्ञावलीत आली, इतकेच.

वास्तविक ही कला छायाचित्रणाइतकीच जुनी म्हणावी लागेल. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात म्युनिकच्या हान्फश्टेंग्लने दुरुस्त केलेली निगेटिव्ह मांडून लोकांना चकित केले. आपल्याकडील स्टुडिओंत या कामाला 'टचिंग' म्हणत. उतरत्या फळीवर काच किंवा फिल्म ठेवायची, खालच्या आरशावरून उजेड घ्यायचा, पेन्सिल धरावी म्हणून राळेचे पातळ माध्यम पुसायचे आणि सुईसारख्या टोकाने ठिपका ठिपका भरत जायचे. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हवर पारदर्शक असतो. तो पेन्सिलीने भरला की छापात नाहीसा होतो.

हे सारे स्मरणरंजन म्हणून सांगत नाही. जुने टचिंगवालेही मुलींना उजळ करीतच. कागदाला प्रकाश कमी दिला की काम भागे. पण पेन्सिलीला कष्ट पडत, आणि कष्टामुळे निवड करावी लागे. मुरूम भरावा, देवीचा वण हलका करावा, तीळ मात्र राहू द्यावा, हा विवेक त्या कामातूनच शिकला जाई. संगणकावर तीळ आणि मुरूम पुसायला लागणारा वेळ सारखाच. फोटोशॉपच्या २००२ सालच्या आवृत्तीत डाग भरणारा 'हीलिंग ब्रश' आला, आणि तेव्हापासून पुसण्याला किंमतच उरली नाही.

म्हणून शिकण्याच्या क्रमाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. पोत आणि रंग वेगळे काढून चेहरा गुळगुळीत करण्याची जी लोकप्रिय पद्धत आज पहिल्याच आठवड्यात शिकवली जाते, ती सर्वांत शेवटी शिकवावी. आधी 'डॉज आणि बर्न': एकेक बारीक छटा हाताने उजळणे वा गडद करणे. एका चेहऱ्याला दोन-तीन तास जातात, डोळे शिणतात, पण कातडी कशी असते हे कळते. व्यावसायिक दर्जाच्या सौंदर्यचित्रांत छिद्रे आणि बारीक लव दिसतात, ती याच पद्धतीमुळे. आणि सरावाला चेहरे घ्यावेत ते आपल्या गावचे. सोलापुरात तेलुगू, कानडी, उर्दू, मराठी बोलणारी इतक्या छटांची माणसे एका बसथांब्यावर भेटतात की शिकणाऱ्याला दुसरी शाळा नको.

कायद्यावर मी फारसा विसंबत नाही. फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७ पासून जाहिरातीतल्या बदललेल्या देहाकृतीवर तशी सूचना छापावी लागते; पण तेथील चिंता कृशतेची, रंगाची नव्हे. नॉर्वेच्या २०२२ च्या नियमात त्वचेचाही समावेश आहे. आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेने २०१४ साली गोरेपणाच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे आणली, आणि २०२० साली एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातून 'फेअर' गेले. पण स्थळाचे छायाचित्र ही जाहिरात थोडीच आहे! तिथे परिषद म्हणजे आत्या आणि मावशी. परिचयपत्रावर 'गोरा', 'निमगोरा', 'गव्हाळ' असे तीन शब्द ठरलेले. चौथा 'सावळा' नाइलाजाने, आणि पाचवा कोणी लिहीतच नाही. पंढरपूर याच जिल्ह्यात आहे, हे इथे आठवल्यावाचून राहवत नाही. असो.

त्या पोराने माझ्यासमोर मूळ चित्र पुन्हा उघडले. थरांत सारे शाबूत होते. त्याने उजळपणाचा थर बंद केला, मुरूम तेवढे काढलेले ठेवले आणि खोकेवर बाण आणून थांबला. "ही ठेवू?" मी भाचीला दूरध्वनी लावून दिला. तिने ठेवायला सांगितले. माझ्या बहिणीने दुसऱ्या दिवशी तरीही जुनीच प्रत दोन स्थळांना पाठवली.